पाड्यावरचे मूल आणि पंचवीस टक्के जागा



आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर आपली संध्याकाळची अभ्यासिका भरते, हे तुम्हाला ठाऊक आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिथे एका आईने मला विचारले, "ताई, तुमच्या चर्चच्या शाळेत गरिबांच्या पोरांना सरकार फुकट घालतं ना? माझ्या भावजयीच्या पोराला जोगेश्वरीला एका मोठ्या शाळेत नंबर लागला. आमच्या पोरीचा कागद कुठं भरायचा?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबले. खरे उत्तर असे होते: तिच्या भावजयीच्या मुलाला ज्या कायद्याने जागा मिळाली, तो कायदा आपल्या शाळांना लागू नाही. मी तसे सांगितल्यावर तिने एकच शब्द विचारला, "का?"

त्या "का"चे उत्तर दोन वाक्यांत मावत नाही. आपल्यापैकी पुष्कळांनाही ते नीट माहीत नसावे, असे मला आपल्या धर्मग्रामातल्या दोन-तीन जणांशी बोलल्यावर वाटले. आणि येत्या काळात सर्वोच्च न्यायालयात या प्रश्नाचा निकाल लागायचा आहे. तेव्हा हा विषय समजून घेण्याची वेळ हीच आहे.

मुळापासून सुरू करू. २००२ साली ८६वी घटनादुरुस्ती झाली आणि घटनेत २१-अ हे कलम आले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्या हक्काला हातपाय देणारा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. लोक त्याला आरटीई म्हणतात. या कायद्यात पुष्कळ गोष्टी आहेत: वर्गात किती मुलांमागे एक शिक्षक, मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह, शाळा घरापासून किती लांब. पण लोकांच्या तोंडी बसले ते एकच कलम, १२(१)(क). ज्या खासगी शाळा सरकारचे अनुदान घेत नाहीत, त्यांनीही प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत त्यांना मोफत शिकवायचे.

फुकट म्हणजे शाळेच्या खिशातून नव्हे. सरकार आपल्या शाळांत एका मुलावर जितका खर्च करते तितके, किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यातली कमी असेल ती रक्कम सरकार शाळेला परत करते. याला शुल्क प्रतिपूर्ती म्हणतात. महाराष्ट्रात ही रक्कम गेली काही वर्षे प्रत्येक मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये आहे. करोनाच्या वर्षी, २०२०-२१ साठी, ती ८,००० वर आणली गेली. अंधेरी किंवा मुलुंडमध्ये ज्याने मुलाला विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातले आहे, त्याला १७,६७० रुपयांत किती महिने भागतात हे सांगायला नको. शिवाय हे पैसे वेळेवर येत नाहीत. इंग्रजी शाळांच्या संघटना सांगतात की सरकारकडची थकबाकी दोन हजार कोटींच्या वर गेली आहे. त्यामुळे शाळा या जागांकडे उधारीचे गिऱ्हाईक म्हणून बघू लागल्या, आणि त्याचा त्रास शेवटी वर्गात बसलेल्या मुलाला होतो. सहलीचे पैसे आण, गणवेश अमुक दुकानातूनच घे, पुस्तकांचे पैसे भर, अशा तक्रारी राज्यभरातून येतात. मुलाला शिकण्यापासून अडवील असा कोणताही खर्च लावायचा नाही, असे कायदा सांगतो.

मिशन शाळांना सरकारचा पैसा नवा नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून खासगी आणि मिशनरी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत या देशात रुजली, आणि आपल्या कितीतरी मराठी शाळांतल्या शिक्षकांचे पगार आजही त्याच परंपरेतून होतात. तेव्हा "सरकारच्या पैशाशी आपला काय संबंध" असे आपल्याला म्हणता येत नाही. फरक इतकाच की जुने अनुदान शाळेला मिळायचे, आणि या २५ टक्क्यांत पैसा मुलाच्या मागोमाग चालतो. मूल ज्या शाळेत, पैसा त्या शाळेत. सगळे राजकारण या एका फरकातून उभे राहिले आहे.

एक किलोमीटरची अट

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने राजपत्रात एक दुरुस्ती छापली. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांच्या यादीतून वगळावे, असा तिचा अर्थ. मुंबईत उभे राहून विचार करा: बोरिवली, घाटकोपर, अंधेरीत अशी किती ठिकाणे आहेत जिथे एक किलोमीटरच्या आत महापालिकेची शाळा नाही? जवळजवळ सगळ्याच खासगी शाळा सुटल्या असत्या.

त्या वर्षी अर्जांचे संकेतस्थळ एप्रिलमध्ये नव्या नियमाने उघडले. यादीत सरकारी आणि अनुदानित शाळा घातल्याने शाळांची संख्या सुमारे ७६ हजारांवर आणि जागांची संख्या ८ लाख ८६ हजारांवर गेली. कागदावर केवढी भरभराट! पण अर्ज आले सत्तर हजारांच्या आसपास. पालकांना काय हवे आहे ते या आकड्याने सांगितले. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत दाखल व्हायला ऑनलाइन अर्ज आणि सोडत कशाला लागते? तिथे तर दार उघडेच असते.

६ मे ला मुंबई उच्च न्यायालयाने या दुरुस्तीला स्थगिती दिली. जुन्या नियमाने पुन्हा अर्ज मागवले गेले. शाळा उरल्या ९,२०० च्या आसपास, जागा १ लाख ५ हजार, आणि अर्ज आले सुमारे २ लाख ४२ हजार. १९ जुलैला उच्च न्यायालयाने दुरुस्ती रद्दच केली. न्यायालयाचे म्हणणे सोपे आहे. कायदा संसदेने केला आहे. त्याखाली नियम करण्याचा अधिकार राज्याला आहे, पण नियमाने कायद्यालाच कात्री लावता येत नाही. वस्तीजवळ सरकारी शाळा काढणे हे सरकारचे कर्तव्य कायद्याच्या सहाव्या कलमात आहे, आणि खासगी शाळांचे २५ टक्के बाराव्या कलमात. एकाच्या नावाने दुसरे रद्द होत नाही. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यात हात घालायला नकार दिला. (मधल्या काळात काही खासगी शाळांनी त्या जागा फी भरणाऱ्या मुलांना देऊन टाकल्या होत्या. न्यायालयाने त्या मुलांना काढायला लावले नाही, पण २५ टक्के मात्र भरायला लावले.)

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असे मला वाटत नाही. आपल्याच शाळा ओस पडत असताना सरकारने खासगी शाळांच्या फी भराव्यात का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कर्नाटकाने असाच बदल २०१९-२० पासून केला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. मुंबईतल्या महापालिकेच्या मराठी शाळांपैकी शंभराहून अधिक गेल्या दहा-बारा वर्षांत बंद झाल्या आहेत. पण ज्या सरकारने हा युक्तिवाद केला, त्याच सरकारच्या शिक्षण विभागाने आदल्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा प्रस्ताव मागवला होता. राज्यात अशा शाळा चौदा-पंधरा हजारांच्या घरात. त्यातल्या पुष्कळ डोंगरातल्या, आदिवासी पाड्यांवरच्या. म्हणजे शहरात सांगायचे "सरकारी शाळा जवळ आहे, तिथे जा" आणि डोंगरात सांगायचे "ही शाळा लहान आहे, लांबच्या शाळेत जा". दोन्हीकडे गरीब मुलाच्या वाट्याला आलेली गोष्ट काढून घेतली जाते. म्हणून मला त्या युक्तिवादात शिक्षणापेक्षा थकबाकीची चिंता जास्त दिसते.

पाड्यावरून ही वाट कशी दिसते

आता आपल्या अभ्यासिकेतल्या आईकडे येऊ. न्यायालयाने दार उघडे ठेवले. तिची मुलगी त्यातून आत जाऊ शकते का?

कायद्याच्या कागदावर तिचा हक्क सर्वांत पक्का आहे. अनुसूचित जमातीचे मूल "वंचित घटक" मानले जाते आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा नाही. आरेमध्ये २७ पाडे आहेत. वारली, मल्हार कोळी, कातकरी, कोकणा अशा लोकांची वस्ती. १९४९ साली दूध वसाहत आली त्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसे इथे आहेत. पण जमातीचा दाखला काढायला गेले की सरकार विचारते: ६ सप्टेंबर १९५० च्या आधी तुमचे कुटुंब महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा? ही तारीख राष्ट्रपतींनी अनुसूचित जमातींची यादी जाहीर केली त्या दिवसाची. पुरावा म्हणून सर्वांत सोपा कागद कोणता चालतो? आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. जे आजोबा शाळेत गेलेच नाहीत त्यांचा दाखला कुठून आणायचा? नातीला पहिलीत घालायचे तर आजा शिकलेला असावा लागतो, अशी ही गंमत आहे. असा कागद नसेल तर गृहचौकशी करून दाखला मिळू शकतो, पण त्यासाठी कोणीतरी उपविभागीय अधिकाऱ्याच्या कार्यालयात वारंवार जायला हवे. वारंवार जाणे म्हणजे तितके दिवस रोजंदारी बुडवणे.

राहत्या घराचा पुरावा हा दुसरा डोंगर. रेशनकार्ड, वीजबिल, घरपट्टी, नोंदणी केलेला भाडेकरार यातले काहीतरी लागते. पाड्यावरच्या घराची घरपट्टी नाही. भाडेकरार कोणाशी करणार? मीटर असलाच तर तो कोणाच्या नावावर आहे ते बघावे लागते. रेशनकार्ड असेल तर ठीक, पण सासूच्या नावाच्या कार्डात सुनेचे आणि नातवंडाचे नाव चढलेले नसते.

जन्मदाखल्याचे सांगायचे तर आता बहुतेक बाळंतपणे रुग्णालयात होतात, त्यामुळे नोंद असते. ज्यांची राहून गेली, त्यांना वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद मिळत नाही.

समजा हे सगळे जमले. मग अंतर. अर्ज भरताना नकाशावर आपले घर दाखवायचे असते. एक किलोमीटरच्या आतल्या शाळांना पहिला मान, नंतर तीन किलोमीटरपर्यंतच्या. दाट वस्तीच्या मुलुंड-घाटकोपरात हे बरोबर चालते. आरेच्या आतल्या पाड्यापासून एक किलोमीटरवर नकाशात काय दिसते? झाडे, गवताचे रान, तबेले. खासगी विनाअनुदानित शाळा गोरेगाव, मरोळ, पवईच्या अंगाला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांचेही तेच. आणि नंबर लागला तरी पहिलीतल्या मुलाला रोज तिथवर न्यायचे कसे? शाळेची बस पाड्यावर येत नाही आणि तिचे पैसे प्रतिपूर्तीत बसत नाहीत. संध्याकाळी बिबट्याच्या वाटेने सहा वर्षांचे मूल एकटे सोडता येत नाही, हे आरेत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

मुंबईत या योजनेखाली तीनशेच्या थोड्या वर शाळा आणि सहा हजारांच्या आसपास जागा असतात. त्यातल्या काही दरवर्षी रिकाम्या राहतात. मागणी नाही म्हणून रिकाम्या राहिल्या, असे कोणी म्हणाले तर त्याला वरचे दोन परिच्छेद वाचायला द्या.

मग या मुलांना आज काय आहे? महापालिकेची शाळा आहे, आणि ती तुच्छतेने बघण्यासारखी नाही. २०२० मध्ये जोगेश्वरीच्या पूनमनगरला महापालिकेने पहिली सीबीएसई शाळा काढली, पुढच्या वर्षी घाटकोपरच्या राजावाडीला, मुलुंडच्या मिठागरला आणि आणखी काही ठिकाणी. पालकांची झुंबड इतकी की तिथेही सोडत काढावी लागली. महापालिकेने मनावर घेतले तर गरीब पालक तिच्याकडे परत येतात, हे त्यातून दिसले. पण या शाळाही मुख्य रस्त्याच्या कडेच्या. पाड्याजवळची शाळा तशीच राहिली.

आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा राज्यभर आहेत, सुमारे पाचशे सरकारी आणि त्याहून थोड्या अधिक अनुदानित. त्याच विभागाची आणखी एक योजना २०१०-११ पासून चालू आहे. आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी निवासी शाळांत घालायचे आणि सगळा खर्च सरकारने करायचा. एका मुलामागे शाळेच्या दर्जानुसार वर्षाला ५० ते ७० हजार रुपये. हा आकडा १७,६७० शेजारी ठेवून बघा. राहण्या-जेवणाचा खर्च त्यात आहे हे खरे, पण आदिवासी मुलासाठी एवढे पैसे मोजायची तयारी सरकारची आहे, फक्त मूल घर सोडून लांब गेले पाहिजे. आईजवळ राहून जवळच्या शाळेत शिकायचे म्हटले की पैसा आटतो. पाड्यावरच्या किती आया सहा वर्षांच्या मुलीला वसतिगृहात धाडायला तयार होतात? आमच्या अभ्यासिकेत मला तरी एकही भेटली नाही.

मग आपल्या शाळा?

आपल्या शाळांपैकी काही पाड्यांपासून फार लांब नाहीत. काही तर खासगी विनाअनुदानित शाळांपेक्षा जवळच आहेत. तिथे २५ टक्के का नाहीत?

घटनेचे तिसावे कलम धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. हे कलम आपल्यासाठी किती मोलाचे आहे, ते सांगण्याची गरज नाही. १२ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने २५ टक्क्यांचे कलम वैध ठरवले, पण विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून सूट दिली. ६ मे २०१४ ला प्रमती ट्रस्टच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने आणखी पुढे जाऊन सांगितले की अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत की विनाअनुदानित, हा संपूर्ण कायदाच लागू नाही. सरकारने आपल्या शाळेत कोणाला घ्यायचे हे ठरवले तर शाळेचे अल्पसंख्याक रूप पुसले जाईल, हे त्यामागचे कारण.

याचा फायदा फक्त आपल्यालाच झाला असे नाही. घाटकोपर-मुलुंडकडे भाषिक अल्पसंख्याक म्हणून मान्यता असलेल्या शाळा कितीतरी आहेत. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये एक अहवाल काढला. अल्पसंख्याक शाळांना सूट देण्याची तरतूद २००६ मध्ये आल्यावर अल्पसंख्याक प्रमाणपत्र घेणाऱ्या शाळा वाढल्या, असे त्यात म्हटले होते. आणि आपल्याविषयी एक बोचरा आकडा होता: धार्मिक अल्पसंख्याकांमध्ये ख्रिस्ती साडेअकरा टक्के, पण त्यांच्या शाळा जवळजवळ ७२ टक्के, आणि त्या शाळांतली ७४ टक्के मुले अल्पसंख्याक समाजांतली नाहीत. चर्चच्या पुष्कळ लोकांनी या अहवालावर आक्षेप घेतले. अहवालाचा हेतू शंकास्पद होता असे मलाही वाटते. आपल्या शाळा सर्वांना शिकवतात ही लाजेची गोष्ट कधीपासून झाली? पण तो आकडा उलटून वाचा. आपले रूप पुसले जाईल म्हणून आपण सूट मागतो, आणि आपल्या वर्गात चारपैकी तीन मुले बाहेरच्या समाजाची असतातच. ती फी भरून आलेली असतात. फी भरणाऱ्या बाहेरच्या मुलाने आपले रूप पुसले जात नाही आणि पाड्यावरच्या मुलाने मात्र जाते, हे मला त्या आईला समजावून सांगता आले नसते.

१ सप्टेंबर २०२५ ला हे प्रकरण पुन्हा उघडले. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात, अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्टच्या, न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने २०१४ च्या निकालाविषयी शंका व्यक्त केली आणि मोठ्या पीठाने त्याचा फेरविचार करावा म्हणून तो सरन्यायाधीशांकडे पाठवला. (वर्तमानपत्रांत गाजला तो याच निकालातला दुसरा भाग, नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची करणारा. अल्पसंख्याक शाळांपुरता तोही मोठ्या पीठाच्या निकालापर्यंत थांबला आहे.)

मोठ्या पीठापुढे जे प्रश्न आहेत, त्यातला एक आपण नीट वाचायला हवा. पीठाने विचारले आहे की अल्पसंख्याक शाळांना २५ टक्के लावायचे झाले, तर त्या जागा त्याच अल्पसंख्याक समाजातल्या गरीब मुलांना द्याव्यात असा अर्थ लावता येईल का? म्हणजे ख्रिस्ती शाळेत गरीब ख्रिस्ती मूल. ऐकायला हा बरा मधला मार्ग वाटतो. आपल्या समाजातही गरिबी आहे. चाळीत, झोपडपट्टीत राहणारी आपली माणसे आहेत आणि त्यांच्या मुलांना या जागा मिळाल्या तर मला आनंदच होईल. पण आरेतल्या पाड्यांवरची बहुतेक कुटुंबे ख्रिस्ती नाहीत. हिरवा देव, वाघ्या देव मानणारी आहेत. तो मधला मार्ग निघाला, तर कायदा आपल्या शाळांत येईल आणि तरीही ही मुलगी बाहेरच राहील.

निकाल कुठल्याही बाजूने लागो, कायद्याने आपल्याला अडवलेले नाही हे लक्षात घेतले पाहिजे. सूट आहे ती सरकारच्या सक्तीपासून. पाड्यावरच्या चार मुलांना स्वतःहून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या काही शाळा असे करतात, फीमाफी देतात, गाजावाजा न करता करतात. पण शाळेच्या कार्यालयात विचारायला जायचे असते हेच ज्याला माहीत नाही, त्याला ती फीमाफी मिळत नाही. सोडतीत निदान सगळ्यांचे नाव एका यादीत असते.

यात अडचणी आहेत आणि त्या मी लपवणार नाही. समजा शाळेने दरवर्षी पहिलीत पाच मुले घेतली, तर आठव्या वर्षी शाळेत चाळीस मुले विनाफी शिकत असतील. सरकार त्यांचे १७,६७० देणार नाही, कारण ती आरटीईची मुले नव्हेत. तो खर्च इतर पालकांच्या फीतून काढायचा की धर्मग्रामाने उचलायचा? आणि नववीला काय? आरटीईतल्या मुलांनाही हा खड्डा लागतो: आठवी संपली की कायद्याचे छत्र संपते आणि एकदम पूर्ण फी समोर येते. ज्या मुलाला आपण घेऊ त्याला दहावीपर्यंत न्यायचे हे आधीच ठरवावे लागेल. घरी मराठी किंवा वारली बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी वर्गात बसवून दिले की काम झाले, असे होत नाही. पहिली दोन वर्षे त्याच्या मागे कोणीतरी बसावे लागते. आमच्या अभ्यासिकेचा अनुभव तरी असाच आहे. शिवाय प्रवासाचा प्रश्न आहेच.

आत्ता लगेच करता येण्यासारखे एक काम आहे, ते कागदांचे. आरटीईचे अर्ज अलीकडे जानेवारीच्या सुमाराला सुरू होतात. २०२५-२६ साठी राज्यात सुमारे १ लाख ९ हजार जागांना ३ लाखांहून अधिक अर्ज आले होते, म्हणजे नंबर लागेलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. पण अर्जच गेला नाही तर नंबरही लागत नाही. ज्यांच्याकडे जमातीचा दाखला नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, पुष्कळांना ती माहीत नसते: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर दुर्बल घटक म्हणून अर्ज करता येतो, तेव्हा जमातीचा दाखला लागत नाही, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. उपनगरात त्यासाठी बोरिवली, अंधेरी आणि कुर्ला अशी तीन तहसील कार्यालये आहेत. अर्ज मोबाइलवरून भरता येतो, पण नकाशावर घराची खूण चुकली तर पडताळणीत अर्ज बाद होतो, म्हणून तो पाड्यावर, घरासमोर उभे राहूनच भरावा. आपल्यापैकी जे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आहेत, ज्यांना कचेरीची भाषा कळते, त्यांच्या दोन सकाळी आमच्या कामाला आल्या तर फार मोठी मदत होईल. संगणकावर हात बसलेले आपले तरुण अर्ज भरायला बसले तर त्याहून बरे.

त्या आईचे सांगायचे तर तिच्या सासऱ्यांचा कोणताही कागद निघाला नाही. चुलत सासऱ्यांच्या नावाची एक जुनी पावती ट्रंकेत सापडली, ती कशाची आहे ते अजून वाचून झालेले नाही. अक्षरे पुसट झाली आहेत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आम्ही अर्ज केला आहे. रेशनकार्डात मुलीचे नाव चढवायला ती गेल्या महिन्यात दोनदा जाऊन आली. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला मुलीच्या आधारकार्डाची झेरॉक्स नव्हती. तिसऱ्या खेपेला मी तिच्याबरोबर जाणार आहे.